कांताबाईंची जयंती

“अगं, बाई जिवंत आहेत!”

अमितसर ओरडले नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं दर्शनाला वाटलं. त्यांनी नुसता मोबाइल तिच्यासमोर धरला.

फिकट पिवळी पार्श्वभूमी. मधोमध ‘वाळवणाची राखण’ या कथासंग्रहाचं मुखपृष्ठ. वर, तिनेच निवडलेल्या ठसठशीत निळ्या अक्षरांत:

लेखिका कांता मयेकर यांना जयंतीनिमित्त विनम्र अभिवादन!

“जयंती गेलेल्या माणसाची. जिवंत माणसाचा वाढदिवस. मराठी प्रकाशनात इंटर्न आहेस ना तू?”

“सॉरी सर.”

“मला नको सॉरी. फणसवाडीत राहतात त्या. जा, माफी माग, त्यांच्यासमोर पोस्ट डिलीट कर. त्यांनी तक्रार केली, तर उद्यापासून येऊ नकोस.”

दर्शनाला फरक माहीत नव्हता असं नाही. पण परळच्या चाळीत, तिच्या घरी, वर्षातला सगळ्यात आनंदाचा शब्द तोच होता. जयंती म्हणजे नवे कपडे, निळे झेंडे, रोषणाई, आईच्या हातची खीर. कांताबाईंचं पुस्तक तिला इतकं आवडलं होतं, की बोटांनी आपसूक तोच शब्द टाइप केला.

आवडलं होतं, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. ऑफिसला तिच्याकडून एक वाक्य आणि पोस्टचा एक चौकोन हवा असायचा. त्या एका वाक्यासाठी ती अख्खं पुस्तक वाचायची. मग ते पोटात घेऊन एकटीच डबा खायची.

(डावीकडे सरकवा.)

भावपूर्ण श्रद्धांजली.
ओम शांती.
साहित्यविश्वाची मोठी हानी.
यांनी नेमकं काय लिहिलं होतं?
ओम शांती.

(अजून सरकवा.)

दार उघडलं ते एका बुटक्या, ताठ म्हातारीने. जन्मभर शाळेत शिकवत आलेला आवाज.

“प्रकाशनातून आलीस? ये. मी गेले म्हणे. भाचीचा फोन आला, रडतच होती. मी हॅलो म्हटलं तर किंचाळली मेली!”

“सॉरी बाई. चूक माझी आहे.”

“असू दे गं. शाळेत असतीस तर मार्क कापले असते, एवढंच.” त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. “भाची म्हणाली, खूप जणांनी लिहिलंय. मला ते बारीक दिसत नाही. वाच बघू.”

दर्शनाने बोट सरकवलं. ओम शांती. ओम शांती. पुस्तकाबद्दल कुणी एक शब्द लिहिलाय का, ती शोधत राहिली. शेवटपर्यंत गेली.

“दुर्गा म्हणून एकीने लिहिलंय,” ती म्हणाली. “लालबागची आहे. म्हणते, पापडांवर कावळे बसू नयेत म्हणून त्या पोरीला गच्चीवर बसवतात, आणि संध्याकाळी तिला खाली बोलवायला कुणी येतच नाही. तिथे मी पुस्तक मिटून ठेवलं. पुढे वाचवेना.”

कांताबाई हलल्या नाहीत. “अजून?”

“अंबिका. प्रभादेवीची. म्हणते, ती पोरगी शेवटी कावळ्यालाच पापड देते, बोलायला कुणीतरी हवं म्हणून. ते वाक्य मी मोठ्याने वाचलं. घरात कुणी नव्हतं तेव्हा.”

“ते वाक्य कापा म्हणत होते,” कांताबाई हळूच म्हणाल्या. “भांडले होते मी त्याच्यासाठी.” मग एकदम उठल्या. “थांब, भिंग आणते. मलाच बघू दे.”

त्या कपाटाकडे वळल्या आणि दर्शनाने डिलीट दाबलं.

“सरांनी काढायला सांगितलं होतं, बाई. काढलं.”

“सगळं गेलं?”

“हो.”

“त्या दोघींचंही?”

“हो.”

कांताबाईंनी भिंग पदराने उगाच पुसलं. “तुझ्या साहेबांना सांग, माझी काही तक्रार नाही.” मग तिच्याकडे पाहत म्हणाल्या, “तू वाचलंस का गं?”

दर्शनाने तोंड उघडलं. जे सांगायचं होतं ते सगळं दुर्गा आणि अंबिकाला देऊन झालं होतं.

“मी फक्त डिझाइन करते, बाई.”

“खरंय. तुम्हाला वेळ कुठे मिळतो!” त्या समजूतदारपणे म्हणाल्या. “पण त्या दोघींना शोध हं. म्हणावं, बाईंनी रविवारी चहाला बोलावलंय.”

“सांगते.”

ती दारात चपला घालू लागली. आत कांताबाई एका खुर्चीवरचा वर्तमानपत्रांचा गठ्ठा उचलत होत्या. मग दुसऱ्या खुर्चीवरचा.