खोल पाण्याची

मी नाव बोलतेय. पालथी पडले आहे, त्यामुळे आवाज जरा दबका येईल. कान जवळ आणा. तुम्ही घाटावर येता, माझ्या अंगावर ऐसपैस बसता, तंबाखू मळता, पिचकारी माझ्याच फळीवर मारता आणि पलीकडून शेवंताबाईची नाव येईपर्यंत जगाची उठाठेव करता. तुम्ही जिला माझी पाठ समजून बसता ना, ते माझं पोट आहे. जरा उठून बघा. मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुऱ्हाडीचे घाव दिसतील.

आणखी एक सांगून टाकते. मी एक माणूस मारला आहे. ऐकायचं असेल तर बसा, नाहीतर आलीच ती नाव, जा चढून.

माझी सुरुवातही कुऱ्हाडीनेच झाली. बैहरकडच्या जंगलात मी साग होते. छप्पन-सत्तावन सालची गोष्ट. दोन माणसांनी दोन बाजूंनी घाव घातले, मी पडताना एकाची तंगडी माझ्याखाली सापडली, आणि ठेकेदाराने आधी मला किती तडा गेला ते पाहिलं, मग त्या माणसाकडे. तिथेच मला कळलं की माणसांच्या ज्या जगात आपण येतो आहोत ते कसं आहे.

मला घडवलं पुनाराम सुताराने. हात सोन्याचे, तोंड मात्र फाटकं. वैनगंगेला खाली, बऱ्याच लांबवर एक डोह आहे. मे महिन्यातसुद्धा तिथे दोन पुरुष पाणी. त्या डोहातून ठेकेदाराचा बांबू न्यायचा होता, म्हणून पुनारामने माझ्या पोटाखाली हातभर खोल, उभा कणा बसवला. खोल पाण्यात वारा आडवा आला तरी तो कणा पाणी धरून ठेवायचा आणि मी तसूभर वाकडी जात नसे. माझ्या सगळ्या फळ्या त्याच कण्याला ठोकलेल्या. "हा हाय तवरक तू हायस," असं पुनाराम मला म्हणाला होता. शिवी दिल्याशिवाय बोललेलं त्याचं तेवढं एकच वाक्य.

आठ वर्षं मी त्या डोहात शीड लावून मिरवले. मग सडक झाली, बांबू ट्रकमधून जायला लागला, आणि ठेकेदाराचा मुकादम टिकाराम मला विकायला निघाला.

आमच्या नदीवरच्या नावाड्यांकडे बैल नसतात. पोळ्याला ते नावेलाच बैल मानतात. वाळूवर ओढून गेरू लावायचा, नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, बेगड चिकटवायची, पुरणपोळीचा घास ठेवायचा. बैलाला त्या दिवशी जू लावत नाहीत, तसं नावेला वल्हं लावायचं नाही, पाण्यातही घालायचं नाही. पण नावेचा सौदा मात्र त्याच दिवशी शुभ. आता बोला! घ्यायची त्या दिवशी, आणि चालवून बघायची नाही त्याच दिवशी. टिकारामसारख्या माणसाला आणखी काय हवं होतं? त्याने वाळूत चर खणला, माझा कणा त्यात पुरला आणि वरून वाळू सारखी केली. माझ्या शेजारी एक चपटी नाव होती, ठिगळांची, काळवंडलेली. मी तिच्याकडे बघतसुद्धा नव्हते.

पासष्टच्या पोळ्याला लामत्याच्या बाजूचा भोजराज नावाडी तिथे आला. सोबत बायको शेवंताबाई आणि तिची दुभती म्हैस. म्हैस तिच्या माहेरची होती, आणि ती देऊन नाव घ्यायची होती. भोजराजला नाव का हवी होती, तेही सांगते. त्याचा बाप महागू वारला तेव्हा बापाची जुनी नाव थोरल्या शालिकरामकडे गेली. घाट कोणाचा, यावरून भावाभावांत रोज शिव्या, आठवड्याला एक मारामारी. शेवटी पंचांनी सांगितलं, येत्या होळीला, पाणी आटलं असताना, जो जास्त माणसं कोरड्या पायांनी पार नेईल त्याचा घाट. दुसऱ्याने वल्हं टाकून मजुरीला जायचं.

भोजराज माझ्याभोवती तीनदा फिरला. माझी उंच नाळ बघून त्याची छाती फुगली. शेवंताबाई खाली बसली आणि तिने माझ्या पोटाखालच्या वाळूत कोपरापर्यंत हात घातला. तिचं माहेर याच नदीवरचं. तिची बोटं माझ्या कण्याला लागली आणि मी शहारले.

"आवो," ती नवऱ्याला हळू म्हणाली, "हिले खाली हाड हाय. हातभर हाड. आपल्या घाटावर होळीले गुडघाभर पाणी नसते. ते चपटी घ्या."

"ते डबडं? दादाच्या नावेसारखं?" भोजराज म्हणाला. "अन् लोकं काय म्हणतीन मले?"

"एक डाव उथळ पाण्यात घालून तं पाहा."

टिकारामने कानांना हात लावले. "पोळ्याच्या दिवशी? पाप लागते, बाई! तुमची बायको लय शिकवते तुमाले, भोजराजभाऊ."

चार माणसं हसली. भोजराजने वळून शेवंताबाईच्या थोबाडीत मारली. इतक्या जोरात की तिच्या कानातली फुली माझ्या फळीवर येऊन पडली. "बाईनं नाव पारखाची नसते!" तो ओरडला. तिने फुली उचलली, म्हशीचा दोर सोडून टिकारामच्या हातात दिला. म्हैस वळून वळून हंबरत होती. मला तेव्हा वाईट वाटलं नाही. मी निवडली गेले होते ना! तो माज आठवला की आजही माझी मलाच लाज वाटते.

दिवाळीपर्यंत नदी भरलेली होती. मी घाटावर राणीसारखी चालले. शालिकरामची चपटी नाव माझ्या शेजारून बदकासारखी डुलत जायची आणि भोजराज तिच्यावर थुंकायचा. मग पाणी उतरायला लागलं. एकेक खडक डोकं वर काढू लागला. शेवंताबाईला ते सगळे माहीत होते. ती काठावरून हाताने खुणा करायची, डावीकडे, उजवीकडे. भोजराज मुद्दाम दुसरीकडे बघायचा.

पौषात, बाजाराच्या दिवशी, भर नदीत दोन खडकांच्या फटीत माझा कणा अडकला. कच्चकन आवाज झाला. पंचवीस माणसं होती, टोपल्या होत्या, कोंबड्या होत्या. मी तसूभर हलेना. लोक शिव्या देत, लुगडी खोचून पाण्यात उतरले. तेवढ्यात शालिकरामची नाव शेजारून सुळकन गेली.

"भोज्या," तो हसत म्हणाला, "नाव घेतली का खुटा घेतला रे?"

भोजराजने हातातला बांबू फिरवला. शालिकरामचं कपाळ फुटलं. तो पाण्यात पडला, उठला, आणि त्याने वल्ह्याने भावाच्या बरगड्यांत तडाखा दिला. मग ते दोघे त्या गुडघाभर पाण्यात जनावरांसारखे भिडले. एक दुसऱ्याचं डोकं पाण्याखाली दाबत होता, दुसरा चावत होता. रक्ताने पाणी लाल झालं, आणि बाजारची माणसं टोपल्या डोक्यावर धरून बघत उभी राहिली. सोडवायला एकही पुढे आला नाही. शेवंताबाई धावत आली, मध्ये पडली. भोजराजचा बांबू तिच्या डाव्या हातावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मला माझ्या कण्याच्या आवाजासारखाच वाटला. तो हात नंतर वाकडाच जुळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोजराजने मला काठावर पालथी घातली आणि कुऱ्हाड आणली.

"कणा कापू नोका," गळ्यात हात बांधलेली शेवंताबाई म्हणाली. "साऱ्या फळ्या त्याले ठोकल्या हायत. विका हिले, नाईतं डोहावर परत द्या."

"तुले कोणी विचारलं?"

"कोणीच नाई विचारलं. तरी सांगतो."

घाव पडत राहिले. सागाला किंचाळता येत नाही, हा देवाचा अन्याय आहे. दुपारपर्यंत माझा कणा तुकडे होऊन वाळूत पडला होता. शेवंताबाईने ते तुकडे वर्षभर चुलीत घातले. दुसरं काय करणार? भोजराजने माझ्या जखमेत चिंध्या कोंबल्या, वरून डांबर ओतलं, आणि मला पाण्यात ढकललं.

आणि सांगायला जड जातं, पण त्याचं खरं झालं. होळीच्या दिवशी गुडघ्याहून कमी पाण्यातून मी सर्रकन गेले. शालिकरामही कोरड्या पायांनी पार झाला, पण माझ्यात दुप्पट माणसं मावली होती. पंचांनी घाट भोजराजला दिला. त्याने सगळ्यांदेखत शेवंताबाईकडे बघून मिशीवर हात फिरवला. तिने माझ्या पोटाकडे पाहिलं. डांबराखालून थेंब थेंब पाणी आत येत होतं. ते फक्त तिला आणि मला माहीत होतं.

श्रावणात पूर आला. पोळा पंधरा दिवसांवर होता. घाट बंद होता, काठावर बांबूला लाल फडकं बांधलेलं. शालिकराम आता दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, चिखल तुडवत होता. त्या दिवशी तो घाटावर येऊन उभा राहिला आणि दहा माणसांत म्हणाला, "उथळ पाण्यात तं म्हशीबी चालतात. बापानं भर पुरात नाव घातली होती. हाय का तुही छाती, भोज्या?"

बस. भोजराजने फडकं उपटून फेकलं.

शेवंताबाईने माझा दोर एका हाताने धरला आणि पाय वाळूत रोवले. "हिचा कणा नाई आता! हे पाणी धरत नाई! जाऊ नोका!" तो तिला वल्ह्याने मारत होता. खांद्यावर, पाठीवर, त्याच वाकड्या हातावर. ती सोडेना.

मग तिने एक गोष्ट केली. शालिकराम तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ. लग्न झाल्यापासून बारा वर्षांत ती त्याच्यासमोर एक शब्द बोलली नव्हती. रीतच तशी. तिने डोक्यावरचा पदर मागे टाकला, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि ओरडली, "तुमी लावली आग! तुमीच थांबवा! शब्द मागं घ्या! घाट पाह्यजे तं घ्या, माह्या माणसाले ठेवा!"

शालिकरामने शब्द मागे घ्यायला सुरुवातही केली. "भोजा, अरे, मी तं..." पण तोवर दोर तिच्या हातातून सालटं काढत निघून गेला होता.

भर धारेत गेल्यावर मला कळलं की मी आता कोणीच नाही. डोहातली मी असते तर नाळ रोखून पूर कापला असता. कण्याशिवाय मी बाजूला घसरत गेले, गिरक्या घेऊ लागले. भोजराज वल्हं मारत होता, पण मी त्याचं ऐकूच शकत नव्हते. मग डांबर सुटलं, चिंध्या निघाल्या, आणि माझं पोट टोकापासून टोकापर्यंत उकललं.

शालिकरामने कमरेला दोर बांधून उडी मारली. हो, त्यानेच. त्याने भावाचं मनगट पकडलं. मी पाहिलं, दोघांचीही तोंडं पाण्यावर होती. भोजराज लहान पोरासारखा "दादा, दादा" करत होता. काठावरची माणसं दोर ओढत होती. आणखी दहा हात, की सुटले असते.

तेवढ्यात भोवऱ्याने मला फिरवलं. माझी उंच नाळ, जिच्यावर तो भाळला होता, ती त्याच्या डोक्याच्या मागच्या बाजूला लागली. एकच फटका. लोक म्हणतात, नदीने नेला. खोटं आहे. तो आवाज मला माहीत आहे.

शालिकरामने शेवटपर्यंत मनगट सोडलं नाही. काठावर आला तो भावाचं प्रेत घेऊनच.

तेराव्यानंतर पूर ओसरला. भोवऱ्याने काठाला फेकलेली मी याच वाळूवर पालथी लागले होते. शेवंताबाई आली. तिच्या उजव्या हातात तीच कुऱ्हाड होती. मागे दहा पावलांवर शालिकराम मान खाली घालून उभा. तिने कुऱ्हाड वर उचलली. मी मनातून म्हटलं, घाल बाई. तुझी म्हैस गेली माझ्यापायी, हात गेला, माणूस गेला. मी तुझ्या जागी असते तर केव्हाच घातली असती.

मग कुऱ्हाड खाली वाळूत पडली. ती गुडघ्यांवर बसली आणि तिने सगळी बोटं माझ्या जखमेवरून फिरवली, पोळ्याला वाळूखाली फिरवली होती तशी.

"हिले काऊन तोडू?" ती भासऱ्याकडे न बघता त्याला म्हणाली. "हे खोल पाण्याची होती. हिनं कधी म्हटलं होतं, मले इथं आणा म्हणून?"

आणि मग ती रडली. तेरा दिवसांत पहिल्यांदा. माझ्यावर डोकं टेकून.

त्याला आता आठ वर्षं झाली. शालिकरामने बापाची चपटी नाव तिच्या हवाली केली. तो दोर बांधतो, सोडतो, आणि ती सांगेल तिकडे बांबू रोवतो. पोळा आला की लांबलांबचे नावाडी शेवंताबाईला बोलावणं पाठवतात. ती जाते, खाली बसते, वाळूत हात घालते, आणि ती नाही म्हणाली तर सौदा होत नाही.

मला तुमच्याकडे काही मागायचं नाही. पण उठताना एवढं करा. ती पिंक पुसा, आणि जिथे घाव आहे तिथे बसू नका. ती जागा तिची आहे. खेपा संपल्या की ती रोज थोडा वेळ तिथे टेकते.

जा आता. आली बघा तिची नाव.