चुकलेल्या मापाचा कोट

शाळेतल्या बाई कोट घालून आरशासमोर उभ्या राहिल्या आणि हसतच सुटल्या. "अगं, यात माझ्यासोबत अजून एक बाई मावेल की!"

शिवणारी मुलगी खजील झाली. वहीत छाती चौतीस लिहिली होती आणि कोट चांगला चाळीसचा निघाला होता. पंधरा दिवसांत दुसरा देते म्हणून तिने बाईंची कशीबशी बोळवण केली आणि मावशीकडे वळली. मावशी काही सख्खी नव्हे, आईची मैत्रीण. तीस वर्षं दोघींनी हे दुकान चालवलं. मावशी कापायची, आई शिवायची. चार वर्षं अंथरुणाला खिळून आई गेली. आता तिच्या मशीनवर मुलगी बसते आणि मावशी कापून देईल ते मुकाट्याने शिवते.

"मावशी, लक्ष कुठे असतं गं तुझं?"

"वही बघूनच कापलं की," मावशी म्हणाली, पण आवाजात दम नव्हता.

मुलीने कोट टेबलावर पसरून टेप लावली. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच उतरता. असा खांदा तिने आयुष्यात एकाच बाईचा पाहिला होता. आईचा.

आईला जाऊन आठ महिने झाले होते आणि पोरीला एकच गोष्ट छळत होती. धडधाकट आई तिला काही केल्या आठवेना. डोळे मिटले की खाटेवरची तेवढी समोर यायची. आईचे सैल होत गेलेले कपडे दर दोन महिन्यांनी हिनेच तर आत घेतले होते, इंच इंच करत. टेबलावरचा कोट त्याच्या आधीच्या, धडधाकट आईच्या मापाचा होता.

तिने तो अंगात घातला. जरा सैल, पण खांदे बसले. एकदा, एकदाच दिसू दे, म्हणत ती आरशात बघत राहिली. आरशात तिचंच ओढलेलं तोंड होतं.

मावशीने मागून कॉलर सारखी केली. पाठीवरून हात फिरवला.

"काय गं म्हातारे," ती लाडाने म्हणाली, "होतीस कुठे इतके दिवस?"

मुलीला मावशीचा हेवा वाटला, अगदी रडू फुटेल इतका. हिला आई दिसली होती. निदान हिला तरी दिसत राहावी म्हणून आरशात आपलं तोंड येणार नाही इतकी मान तिने खाली घातली आणि तशीच उभी राहिली.