छतावरची म्हैस

“म्हैस माझी आहे आणि मी तिला वर नेणार,” काकू म्हणाली.

“म्हैस माझी आहे आणि ती जागची हलणार नाही,” काकूचा दीर म्हणाला.

शाळेच्या पटांगणात सगळं गाव गोळा झालं होतं. मधोमध पूरखात्याचे साहेब कर्णा हातात धरून उभे होते आणि त्यांना बोलायला कोणी जागाच देत नव्हतं. माझं केस कापायचं दुकान शाळेच्या अगदी समोर. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवलेली, त्यामुळे गावात काय चाललंय ते मला गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून दिसतं. तर हे मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय, ऐकीव नाही.

काकू दूध विकायची. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. ती आणि तिची म्हैस, एवढाच संसार. दीर नदीकाठी मळ्यात राहायचा. तोही एकटाच. भांडण वाटणीपासूनचं. वाटणीत म्हातारी म्हैस दिराला गेली होती आणि तिच्या पोटातलं रेडकू काकूला द्यायचं, असं सासऱ्याने तोंडी सांगून ठेवलं होतं. पुढे सासरा गेला, म्हातारी म्हैस गेली, आणि रेडकाची झाली भरपूर दूध देणारी म्हैस. तेव्हा दिराला आठवलं की बापाला शेवटी शेवटी भ्रम झाला होता.

साहेब आले होते पुराची तालीम घ्यायला. माणूस कळकळीचा. “पाऊस इथेच पडायला हवा असं नाही,” ते सांगत होते. “वर डोंगरात पडला तरी पुरे. इथे कडक ऊन असेल आणि तरी पाणी येईल. नदी एकाएकी गढूळ झाली, काटक्या, पालापाचोळा वाहून यायला लागला, की वाट पाहायची नाही. उंचावर जायचं. तुमच्या गावात उंच म्हणजे शाळेचं छत.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. आमचं गाव मान डोलवायला कधी मागे हटत नाही.

“तर समजा, पाणी आलंय,” साहेब कर्ण्यातून ओरडले. पटांगणात धूळ उडत होती.

“कुठपर्यंत आलंय?” दिराने विचारलं.

“समजा गुडघ्यापर्यंत.”

दिराने शांतपणे पायजमा वर खोचला. “आणि आता?”

“समजा कमरेपर्यंत.”

“मग मी बुडालो. मला पोहता येत नाही. चला, बुडालेल्या माणसाचं इथे काय काम!” म्हणत तो निघाला. लोक हसले. साहेबही हसले, पण उसनं.

“आता जनावरं. जनावरं आपण समजा वर नेली,” साहेब म्हणाले आणि इथेच काकू पेटली.

“का म्हणून समजा? पाणी समजा, पूर समजा, म्हैसही समजा! मग आम्हालाही समजा की, आम्ही घरी बसतो. खरं पाणी आलं तर मी हिला सोडून जिना चढेन असं वाटतं का तुम्हाला?”

ते ऐकून दीर अर्ध्या वाटेवरून परत आला, आणि मग ते झालं जे मी सुरुवातीला सांगितलं. साहेबांनी कंटाळून कर्णा खाली ठेवला. काकूने दोर ओढला. शाळेचा जिना बाहेरून आहे, चांगला रुंद. म्हैस एकेक पायरी चढत अशी वर गेली, की जणू मुख्याध्यापक म्हणून रुजू व्हायला निघाली आहे. टाळ्या पडल्या. साहेबांनी छतावर लाल झेंडा लावला. लाल झेंडा म्हणजे गावात पूर, वाहनांनी आत येऊ नये.

तालीम संपली. माणसं उतरली. म्हैस जिन्याच्या तोंडाशी आली, तिने खाली पाहिलं आणि खाली बसली.

आता हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं की म्हैस जिना चढते, उतरत नाही. काकूने गोंजारलं, शिव्या दिल्या, रडूनही पाहिलं. सुताराने पायऱ्यांवर फळ्या टाकून उतार केला. म्हशीने फळी हुंगली आणि तोंड फिरवलं. चौघांनी मागून ढकलली, तर चौघंच घरंगळत खाली आले. कोणीतरी म्हणालं, डोळे बांधा. बांधले. ती डोळे बांधलेल्या अवस्थेत आणखी शांतपणे रवंथ करत बसली.

“साहेब, निदान झेंडा तरी काढा,” मास्तर म्हणाले. मास्तर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक. शिकवता शिकवता वरून खूर आपटला की त्यांच्या डोक्यावर चुना पडायचा.

“कसा काढू?” साहेब म्हणाले. “नियम आहे. शेवटचा जीव सुखरूप खाली आल्याशिवाय तालीम संपत नाही. वर एक जीव आहे.”

“म्हैस आहे!”

“जीवच ना?”

साहेब निघून गेले आणि गाव पुरातच राहिलं. झेंडा फडकत होता, म्हणून बस फाट्यावरूनच परत फिरायला लागली. लोक उन्हातून पिशव्या वाहत यायचे आणि म्हशीकडे पाहून दात ओठ खायचे. काकू मात्र सकाळ-संध्याकाळ वैरण आणि पाणी घेऊन वर जायची, वरच धार काढायची. दीर रोज मळ्यातून येऊन खालून ऐकवायचा, “माझी म्हैस वर नेऊन ठेवली. मी सांगत होतो.”

“तुमची आहे तर उतरवा!”

“चढवली कोणी?”

मग एक सकाळ उजाडली, चांगली लख्ख. आभाळात ढगाचा तुकडा नाही. मास्तर माझ्या खुर्चीत, अर्धा गाल साबणाने माखलेला. काकू वर धार काढत होती. एकदम तिचा आवाज आला.

“पाणी! पाणी आलं!”

रस्त्यावरून कोणीतरी हसत ओरडलं, “कुठपर्यंत आलंय, काकू? समजा गुडघ्यापर्यंत?”

“खरं सांगते रे! नदी लाल झालीय. झाडंच्या झाडं वाहत येतायत. मळ्यांत पसरलंय!”

“ऊन पाहा जरा,” मास्तर हातातल्या आरशातून मला म्हणाले. “बाईला उन्हाचा त्रास झालाय.” आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. वस्तरा थांबवलाही नाही मी.

काकू छताच्या कडेला उभी होती. गाव खाली आपापल्या कामात. तिने डोक्यावरचा पदर कमरेला खोचला, श्वास भरून घेतला आणि पुन्हा ओरडली.

“म्हैस उतरायला लागली! धावा रे धावा, म्हैस उतरतेय!”

काय सांगू तुम्हाला! दुकानं उघडी टाकून, चुली तशाच ठेवून, पोरं काखेत मारून गाव धावलं. मास्तर अर्ध्या साबणासकट खुर्चीतून उठले, त्यांच्या मागे हातात वस्तरा घेऊन मी. सुतार फळी घेऊन आला. अंथरुणाला खिळलेल्या दोन म्हाताऱ्या कशा कोण जाणे सगळ्यांच्या आधी पोहोचल्या. इतक्या दिवसांचा वनवास संपणार, बस गावात येणार, हे कोणाला चुकवायचं नव्हतं.

“वर या, वरून ढकलायला माणसं हवीत!” काकू ओरडत होती. आम्ही वर गेलो. म्हैस निवांत बसली होती. कोणीतरी शिवी देणार, तेवढ्यात सगळ्यांना दिसलं. माझ्या दुकानाच्या मागच्या गल्लीतून तांबडं पाणी येत होतं, अजिबात घाई न करता, एखादं गिऱ्हाईक यावं तसं.

मास्तरांच्या गालावरचा साबण सुकत होता.

काकूचं मात्र लक्ष नदीकडे. “भाऊजी कुठेत?”

दीर अजून मळ्याच्या उंच बांधावर होता. मान खाली घालून खणत होता. म्हैस उतरली काय, नाही काय, ती काकूच्याच गोठ्यात जाणार, म्हणून तो धावला नव्हता. पाणी त्याच्या पाठीमागून शेतात शिरत होतं आणि मधली वाट तेवढी कोरडी होती. सगळ्यांनी मिळून हाका मारल्या. त्याने मान वर केली, हात झटकला आणि पुन्हा खणायला लागला. त्याला वाटलं, चिडवतायत.

काकूने छताचा कठडा दोन्ही हातांनी धरला. तिचा चेहरा मी पाहिला. दात काढून घेताना माणूस जसा दिसतो, तशी दिसत होती ती.

“भाऊजी!” तिने आवाज दिला. “म्हैस तुमची! सगळ्या गावासमोर कबूल करते! येऊन घेऊन जा!”

दिराच्या हातातली कुदळ थांबली. तो सरळ झाला. मग खोपीत शिरला, दोर घेऊन बाहेर आला आणि असा धावत सुटला की मागून पाणी येतंय हे त्याला शाळेच्या पायऱ्यांवर पाय ओला झाल्यावर कळलं. त्याने वळून पाहिलं. त्याची खोप उचलली गेली, जराशी फिरली आणि चालू लागली.

तो वर आला, म्हशीच्या गळ्यात दोर बांधला आणि खाली बसला. “ऐकलंत ना सगळ्यांनी?” एवढंच म्हणाला.

दुपारपर्यंत पाणी जिन्याच्या मध्यापर्यंत चढलं. आणि तेव्हा, सगळं गाव छतावर अंग चोरून उभं असताना, म्हैस उठली. तिने पाणी पाहिलं. जिन्याच्या तोंडाशी गेली आणि टक टक टक करत उतरायला लागली.

“अडवा!” सगळे ओरडले. इतके दिवस जिला ढकलत होतो तिच्या शेपटीला आता आम्ही लोंबकळत होतो. दीर दोर धरून घसरत खाली गेला, पाण्यात छातीपर्यंत.

“दोर सोडा, भाऊजी!”

“माझी म्हैस आहे!”

“पोहता येत नाही तुम्हाला!”

“म्हणून तर धरलाय!”

सुदैवाने तिला पोहायचं नव्हतंच. पाठ पाण्यात बुडेल अशा पायरीवर ती थांबली, डोळे मिटले आणि सुस्कारा सोडला. वर येईना, खाली जाईना. दीर तिच्या मानेला मिठी मारून उभा. काकूने वरच्या पायरीवरून त्याची कॉलर धरली ती धरलीच.

मग पाणी ओसरायला लागलं. एक पायरी उघडी पडली की म्हैस एक पायरी खाली. पाण्यामागे पाणी धरून ती उतरत गेली, तिच्यामागे दीर, त्याच्यामागे कॉलर धरून काकू. दुसऱ्या दिवशी साहेब होडी घेऊन आले तेव्हा म्हैस पटांगणात चिखलात लोळत होती.

साहेबांनी माणसं मोजली, एकही कमी नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी म्हशीकडे पाहिलं. “उतरली?” म्हणाले आणि वर जाऊन लाल झेंडा काढून टाकला. समोर रस्ता उरला नव्हता, पूल उरला नव्हता, पण नियमाप्रमाणे आता बस गावात यायला हरकत नव्हती.

लोक आपापल्या घराचं काय उरलंय ते पाहायला पांगले. दीर दोर धरून तिथेच उभा. मळा गेला, खोप गेली, म्हैस बांधायला जागा नाही.

“वहिनी,” त्याने खालच्या आवाजात विचारलं, “हिला बांधू कुठे?”

काकूच्या गोठ्याची एक भिंत पडली होती, बाकी गोठा उभा होता. “बांधा तिथेच,” ती म्हणाली. “आणि तुम्हीही कोपऱ्यात अंथरूण टाका.”

“पण म्हैस माझी.”

“तुमचीच. मी कुठे नाही म्हणतेय?”

त्याने खुंट्याला बांधली. म्हशीची कास तटतटली होती. मालक म्हणून तो ऐटीत बादली घेऊन धार काढायला बसला. म्हशीने पाहिलंसुद्धा नाही, नुसती लाथ झाडली. बादली एकीकडे, दीर चिखलात.

काकूने बादली उचलली, पुसली आणि त्याच्या जागी बसली.

“पाय धरा,” ती म्हणाली.

दीर खाली मान घालून चिखलातून उठला. मग वाकून तो तिच्या पायांशी हात नेऊ लागला.

“माझे नव्हे हो,” काकू ओरडली, “म्हशीचे!”