जागचा न हलणारा ठिपका

माझी नात प्रियदर्शनी पाच वर्षं धायरीला माझ्याजवळ राहिली. हिंजवडीची नोकरी सोडून जर्मनीला निघाली, तेव्हा म्हणाली, "आज्जी, एअरपोर्टला नको येऊस. गेटवरूनच परत पाठवतात. गच्चीवरून बघ माझी फ्लाइट. आठला टेकऑफ, आधी दिल्ली."

"इतक्या लांबून?"

"तू आजोबांची स्टुडंट ना!"

माझे यजमान हिंमतराव हवाई दलात टेहळणीला होते. एकाहत्तरच्या लढाईत सीमेवर वाळूत उभं राहून शत्रूची विमानं नुसत्या डोळ्यांनी हुडकायची, हे त्यांचं काम. पुढे लोहगावच्या क्वार्टरसमोर त्यांनी मलाही शिकवलं. नजर आभाळभर फिरवायची नाही. एका तुकड्यावर थांबायचं, मग पुढचा. मधूनच लांबच्या डोंगराकडे बघायचं, नाहीतर रिकाम्या आभाळात डोळा जवळच अडकून राहतो. आणि जो ठिपका जागचा हलत नाही, तो आपल्याकडे येतोय.

मी आता अठ्ठ्याहत्तरची. ती परत येईल तेव्हा मी असेन, याची खात्री नाही. ते विमान जाताना मला बघायचंच होतं.

पावणेआठला गच्चीवर गेले. शेजारच्या दुर्गाबाई साबुदाण्याच्या पापड्या घालत होत्या.

"वर बघतच आहात, तर जरा कावळेही बघा," त्या म्हणाल्या.

लोहगावच्या विमानतळाच्या बाजूचं आभाळ तुकड्यातुकड्याने बघत गेले. सव्वाआठच्या सुमाराला ठिपका सापडला. जागचा हलत नव्हता. म्हणजे हे उतरायला येणारं. मी ते सोडलं आणि सरकणारं विमान शोधत राहिले. मान अवघडली. पापड्या घालून झाल्या.

दुर्गाबाईंनी हात पुसून माझा मोबाइल घेतला. विमानांचा नकाशा प्रियदर्शनीनेच त्यात घालून दिला होता.

"अहो, गेलं की तुमचं. नगरच्याही पुढे."

मी नकाशावर बोट फिरवलं. धायरी, लोहगाव, नगर, जवळजवळ एकाच रेषेत. सरळ लांब जाणारं विमानही जागचं हलत नाही, नुसतं बारीक होत जातं. आमच्या यांना काळजी येणाऱ्यांची होती. जाणाऱ्यांचं कधी बोलणंच निघालं नाही.

पुन्हा तिथेच बघितलं. आता काही नव्हतं.

दुपारी दिल्लीहून फोन आला. "दिसलं का गं?"

"दिसलं. पण मला वाटलं, दुसरंच कुठलं तरी येतंय. म्हणून बघितलं नाही."

ती हसली. "आता?"

"तू येशील तेव्हा बघेन. येणारं चुकत नाही मला."

पलीकडे कसलीशी घोषणा झाली.

"आज्जी, बोर्डिंग सुरू झालं," ती म्हणाली. "ठेवते हं."