गिरणीवरची चौकशी

तिसगावात गहिनीनाथाची पिठाची गिरणी होती, आणि कुणाच्या घरी काय चाललंय हे तिथं पिठाबरोबर फुकट मिळायचं. सोयरिकीसाठी आलेले पाहुणे आधी गिरणीवर टेकायचे, चहा घ्यायचे आणि हळूच चौकशी करायचे. गहिनीनाथ खोटं बोलत नाही, असा त्याचा लौकिक होता. त्या लौकिकानं तो जरा फुगलाही होता.

शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात कर्जतकडचे श्रीमंतराव आपल्या मुलासाठी साळूबाईची मुलगी ज्ञानेश्वरी हिला पाहून गेले. होकार कळवण्याआधी ते गिरणीवर आले. मुलगी गुणाची, घर सरळ, असं गहिनीनाथानं खरं ते सांगितलं. आणखी काही, असं त्यांनी विचारलं. आता ‘काही नाही’ म्हणायला त्याचं काय जात होतं? पण एवढ्या लांबून आलेल्या माणसाला नुसतं गोड सांगून वाटेला लावायचं त्याच्या जिवावर आलं. मागच्या बाजाराच्या दिवशी दळणाच्या रांगेत कुणीतरी म्हणालं होतं, पोरीच्या दंडावर पांढरा डाग आहे, कोडच असणार. कोण म्हणालं, तेही त्याला आठवेना. उद्या खरं निघालं तर बोल आपल्यावर यायचा, म्हणून त्यानं आवाज उतरवून तेवढं सांगून टाकलं. श्रीमंतराव ऐकायला जवळ सरकले, ते त्याला बरं वाटलं.

सोयरीक मोडली. महिन्याभरानं साळूबाई बाजरी दळायला आली. नकाराचं कारण तिला आडून आडून कळलं होतं, सांगणाऱ्याचं नाव मात्र ठाऊक नव्हतं. ती गहिनीनाथापुढंच रडली.

"कोड म्हनं. भाऊ, चार वर्साची हुती, उकळतं दूध सांडलं दंडावर. तुमीच न्हाई का फटफटीवर दवाखान्यात नेलं?"

नेलं होतं. आईच्या मांडीवर ती पोर दवाखान्यापर्यंत त्याच्या पाठीशी किंचाळत होती. आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं विसरून आपण रांगेतलं ऐकीव खरं धरलं, याची त्याला भयंकर लाज वाटली. सांगणारा आपणच, हे लपवून त्यानं तिचं दळण बांधून दिलं.

दुसऱ्या दिवशी गिरणी बंद ठेवून तो एस्टीनं श्रीमंतरावांकडे गेला. सगळं सांगून त्यानं हात जोडले. श्रीमंतरावांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, मग तेव्हा का नाही सांगितलं? विसरलो, असं तो म्हणाला. त्यांना हसू आलं. डागाची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी एक प्रश्न विचारला नव्हता. आज त्यांना डॉक्टर कोण, साल कुठलं, साक्षीला कोण, सगळं हवं होतं.

"तुमी भले मानूस. त्या बाईची कीव आली म्हनून आलात," ते शेवटी म्हणाले. "पन आता लई उशीर झाला. पाव्हन्यारावळ्यांत ज्यांची पोरं लग्नाची हायेत, त्या समद्यांना आमी सावध केलंय. आमची फसगत टळली, तशी त्यांची बी टळावी."

"त्यांनी लगेच मानलं?" गहिनीनाथानं विचारलं.

"आदी कुनी मानंना. मग तुमचं नाव सांगितलं."