सात बेटं आणि खिडकीची जागा

ड्रायव्हरने चौतीस वर्षं एकच बस चालवली आणि त्यातली सव्वीस वर्षं त्या बसची कंडक्टर त्याची बायको होती. कामावर त्याला तिचा नुसता आवाज यायचा, मागून. घंटा एकदा वाजली की थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. संसारही साधारण याच पद्धतीने चालला, आणि बरा चालला.

दोघं एकाच महिन्यात निवृत्त झाली. मेहुण्याने, म्हणजे तिच्या भावाने, हौसेने शिडाची बोट घेतली होती. आपल्याला आंघोळीच्या टबातही मळमळतं हे त्याला बोट घेतल्यावर कळलं. "थंडीभर तुम्हीच फिरवा," तो म्हणाला. "तिकडे ऊन आहे, सात बेटं आहेत. सातव्यावर नेऊन लावा, तिथे बोटीला गिऱ्हाईक मिळेल." ड्रायव्हरने तीन आठवड्यांचा वर्ग केला. शिकवणाऱ्याने शेरा मारला: हात स्थिर आहे, पण आरशात फार बघतो.

कंडक्टरबाईंनी एकच अट घातली.

"सव्वीस वर्षं मी 'पुढे सरका' म्हणत आलेय. झोपेत म्हटलंय. सख्ख्या बहिणीच्या लग्नात, फोटोच्या वेळी म्हटलंय. आता मी खिडकीच्या जागेवर बसणार आणि गप्प बसणार. 'पुढे सरका' म्हणायची वेळ माझ्यावर एकदा जरी आली ना, त्याच बेटावर उतरेन आणि घर गाठेन. मग बसा तुम्ही एकटे, सुकाणूला कवटाळून."

"अगं, समुद्रात कोण येतंय गर्दी करायला?"

त्याला हे मनापासून वाटत होतं. शिवाय त्याचा एक गुपचूप स्वार्थ होता. ती पुढच्या टोकाला बसली की सुकाणूवरून सारखी दिसणार होती. चालवताना बायको दिसते, हे सुख त्याने कधी अनुभवलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी खोळंबा झाला. नांगर वर आला, शीड फडफडायला लागलं, तरी ड्रायव्हर बोटीचं तोंड वाऱ्याकडे धरून बसून राहिला.

"निघा की!"

"घंटा?"

"मी सुट्टीवर आहे."

शेवटी त्याने स्वतःच पातेल्यावर चमच्याने दोनदा टण्‌टण्‌ केलं आणि बोट सुटली.

पहिल्या बेटाच्या धक्क्यावर एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन उभी होती. नवी बोट दिसली म्हणून तिने सहज, माणुसकीखातर हात हलवला. हात हलवण्याला जगात पुष्कळ अर्थ आहेत. ड्रायव्हरला एकच ठाऊक होता. त्याने बोट वळवली आणि तिच्यासमोर, बरोब्बर वीतभर अंतरावर, आणून लावली.

कोंबडीवाली गोंधळली. एवढी बोट खास आपल्यासाठी वळून आली, आता नाही कसं म्हणायचं? "दुसऱ्या बेटावर माझी नणंद असते," ती म्हणाली. "तसं आमचं पटत नाही. पण आता तुम्ही आलाच आहात, तर..." आणि चढली.

"हे काय?" बाईंनी विचारलं.

"हात दाखवला तिने."

बाईंनी तोंड पुन्हा समुद्राकडे वळवलं. माणूस उभा असताना गाडी दामटली म्हणून त्यांनीच एकदा नवऱ्याशी आठ दिवस अबोला धरला होता.

कोंबडीवाली नणंदेशी दहा मिनिटांत भांडून परत आली आणि बोटीवरच राहिली. तिसऱ्या बेटावर एक न्हावी चढला, स्वतःच्या खुर्चीसकट. चौथ्यावर लोक रांगेत उभे होते. पाचव्यावर त्यांनी धक्क्यावर बाकडं आणून ठेवलं होतं, आणि एका आजोबांनी बोट वीस मिनिटं उशिरा आल्याबद्दल ड्रायव्हरला चांगलंच फैलावर घेतलं. ड्रायव्हरला फार दिवसांनी आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं.

बोट सहा जणांची होती, प्रवासी एकोणीस झाले. आणि सगळे मागे, चढायच्या जागेपाशी दाटीवाटीने उभे. जगाच्या पाठीवर कुठेही जा, माणूस दारातच उभा राहतो. पुढचं टोक मोकळं होतं. तिथे बाई एकट्या, टोपी घालून, ओठ घट्ट मिटून बसल्या होत्या. ड्रायव्हरला मागून त्यांचे कान दिसत. ते दिवसेंदिवस लाल होत चालले होते.

सहाव्या बेटाच्या अलीकडे बोटीचं ढुंगण वाळूत रुतलं. ओहोटी लागली होती. माणसं पुढे गेली असती तर मागची बाजू उचलली जाऊन बोट सुटली असती, पण सांगणार कोण? चौतीस वर्षं ड्रायव्हरच्या डोक्यावर 'चालकाशी बोलू नये' अशी पाटी होती. चालकाने बोलावं की नाही, ते कुणी लिहिलंच नव्हतं.

"मंडळी, जरा..." तो म्हणाला.

"साहेब, तुम्ही समोर बघा," न्हावी म्हणाला.

ड्रायव्हरने बायकोच्या पाठीकडे पाहिलं. नाही, तिला सांगायचं नाही. त्याने बूट काढले, कमरेएवढ्या पाण्यात उतरला आणि बोटीला खांदा लावला. एकोणीस जण वरून वाकून सल्ले देऊ लागले. त्यामुळे बोट आणखी रुतली.

मग तो आवाज आला.

"पुऽऽढे सरका! दारात काय ठेवलंय? पुढे सगळं रान मोकळं आहे! ओ खुर्चीवाले, तुम्हालाच सांगतेय!"

सर्वात आधी कोंबड्या सरकल्या. पाठोपाठ माणसं. बोट मागून उचलली गेली आणि निघाली. ड्रायव्हरला कॉलर धरून वर घ्यावं लागलं.

सहाव्या बेटावर बाई पिशवी घेऊन उभ्या राहिल्या.

"अट म्हणजे अट."

"हो," ड्रायव्हर म्हणाला. "पण तुला ओरडायला कुणी सांगितलं होतं?"

"पाण्यात उतरलात ते! लगेच सर्दी होते तुम्हाला," असं म्हणून त्या उतरल्या.

न्हाव्याने ड्रायव्हरची फुकट दाढी करू का विचारलं. ड्रायव्हरने चमचा उचलला. तो फारच जड लागला. टण्‌. टण्‌. बोट निघाली. सवयीने त्याने डोलकाठीला बांधलेल्या दाढीच्या आरशात पाहिलं.

धक्क्यावर एक बाई उभी होती. हातात पिशवी. दुसरा हात वर.

त्याने ब्रेक समजून फळीवर पाय दाबला. बोटीने लक्ष दिलं नाही. वारा उलटा होता. नागमोडी जात परत यायला पाव तास लागला. तेवढा वेळ बाईंनी हात खाली घेतला नाही. दुखला तसा बदलला फक्त.

"उतरेन म्हटलं होतं, उतरले," त्या चढत म्हणाल्या. "पुन्हा चढणार नाही असं कुठे म्हटलं होतं? सातव्या बेटाला जायचंय. प्रवासी म्हणून."

"मग कंडक्टर?"

चमचा केव्हाच कोंबडीवालीच्या हातात गेला होता. "ओ बाई," ती म्हणाली, "दारात उभ्या राहू नका. पुढे सरका."

बाईंनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"आवाज पोटातून काढ गं. गळ्यातून काढलास तर दोन वर्षांत बसेल."

आणि त्या निमूटपणे पुढे सरकल्या. टोकाशी, उन्हात, आपल्या जागेवर जाऊन बसल्या. ड्रायव्हरने त्यांच्या कानांकडे पाहिलं, सुकाणू धरलं आणि घंटेची वाट बघत राहिला.