माउलीची गरम माती

सकाळपासून रांग लागलेली. चर्च होतं त्या मोकळ्या जागेवर लिंबाजीबुवा ताटात माती घेऊन बसले होते. ही जागा माउलीची, माती तिचीच, असं सांगत समोरच्याच्या ओल्या तळहातावर चिमूटभर माती ठेवायचे आणि ती बघता बघता गरम व्हायची. "रोग खाली उतरायलाय बगा. माउली ओढून घ्यायलीय." बायका हात जोडायच्या, पुरुष मोबाईल वर धरायचे.

परभणीतल्या आमच्या गल्लीतलं हे चर्च निजामाच्या काळातलं. ख्रिस्ती घरं थोडीच, पण मागच्या खोलीतल्या सिस्टरच्या दवाखान्यात अख्खी गल्ली जायची. शेजारच्या सारजाबाईची राणी तिथंच जन्मली. रस्ता रुंद करायचा म्हणून चर्च पाडलं, तेव्हा कुणी आडवं आलं नाही. रस्ताही झाला नाही. वेदीच्या जागेवर बुवा मात्र उगवले.

राणीला टीबी. सरकारी गोळ्या चालू होत्या, त्या बुवांनी बंद करवल्या. माउलीला म्हणे इंग्रजी औषध खपत नाही. त्याच माउलीच्या जागेवर सिस्टर जन्मभर इंग्रजी औषधच देत होत्या, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. रोज ओली माती पोरीच्या छातीला बांधायची. कातडी सोलली, खोकला होता तसाच. मी बोलले तर सारजाबाई म्हणाली, "वैनी, पोळायलंय म्हंजे गुण यायलाय."

त्या दिवशी राणी रांगेतून बाहेर निघाली. बुवांच्या पाठीमागच्या जमिनीवरची मूठभर माती उचलून तिनं ओल्या हातावर धरली.

"म्हाराज, ही बी माउलीचीच हाय ना? मग ही गार कामून?"

पोरीला विटाळ असेल, असं बुवा म्हणाले. मग मी ताटातलीच माती स्टीलच्या पेल्यात टाकली, वर पाणी ओतलं. पेला फसफसला, वाफ निघाली. सारजाबाई बघतच राहिली. दर दिवाळीला घर तीच रंगवते. पिपात कळीचा चुना टाकून पाणी ओतलं की तो असाच रटरटतो.

"चुना कालवलाय ह्याच्यात," ती हळू म्हणाली. "मी लेकराच्या छातीला चुना बांधला."

बुवा तेवढ्यात ताट सोडून निघून गेले. आता झरी गावाकडं बसतात म्हणे, आणि आमच्यातलेच काही रिक्षा करून जातात.

राणीच्या गोळ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्यात. मधल्या दिवसांत फुफ्फुस आणखी खराब झालं, असं डॉक्टर म्हणाले.

बायांनो, हात भाजला तर पाया पडण्याआधी विचारा, हातावर काय ठेवलंय. आणि लेकराची गोळी कुण्या बुवाच्या सांगण्यावरून बंद करू नका.